धुळीत उतरताना

।। श्री ।।

हरिपूर, सांगली
४ मार्च २०२४

चि. संयोगितास आकाराम आबाचे व मोठ्या आईचे पोटभर आशीर्वाद.

तू तळावर पोचल्याचा निरोप आपल्या शेजारच्या पूजाच्या मोबाईलवर आला. ती कुपवाडला कामावर निघाली हुती, तरी थांबून तिनं मला मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दाखवला. तोफखान्यानं माझे कान खाल्ले, तवा फोनचा मला काय उपेग न्हाई. आन् त्या अंगठ्याच्या नि फुलाच्या चित्रांनी माझा जीव भरत न्हाई. तू अकादमीत गेलीस तवापासनं जसं चाललंय तसं पत्रच लिही. फ्लाइट लेफ्टनंट झालीस म्हणून चुलत्याला टपाल टाकायची लाज वाटू देऊ नगंस.

हळद शिजवून झाली, आता वाळत घातलीया. अंगण पिवळं, माझं धोतर पिवळं, कुत्रंसुदिक पिवळं झालंय. तुझी मोठी आई राहीबाई मातूर अजून तुझ्यावर रुसलीया. म्हणती, पोरगी आठ दिस आली आन् निम्मा येळ गच्चीवरच्या खुर्चीत बसून गेली.

खरं सांगू का, पैल्या दिवशी ती लय घाबरली हुती. डोळं मिटलेलं, दोन्ही हात हवेत, पाय हळूहळू दाबतीयास आन् तोंडानं पुटपुट चाललीया. तिला वाटलं अंगात आलं. तिनं तुझ्यावरनं मीठमिरची उतरून चुलीत टाकली आन् ठसका लागला मला. मी तिला समजावलं की पोरगी हेलिकॉप्टर उडवतीया. तर तिनं विचारलं, गच्चीवर व्हय?

आमच्या टायमाला तोफ किती झटक्यात लागती त्यावर तयारी मोजायचे. तुमची कशी मोजत्यात ते जरा सविस्तर लिही, हितं चारचौघांत सांगायला बरं पडतं. आन् एक विचारतो. कान गेल्यापासनं मी माणसाचे ओठ नि हात जास्ती बगतो. तुझा डावा हात खाली खाली येतो आन् मांडीच्या जरा वर थांबतो. तिथं तू डोळं उघडून उठतीस. रोज तिथंच. उतरायच्या आदीच का उठतीस गं?

तब्येत सांभाळ. माया हितं भरपूर हाय, तू फकस्त उत्तर धाड.

तुझा चुलता,
आकाराम


।। श्री ।।

तळावरून (कुठल्या ते विचारू नका)
१५ मार्च २०२४

ती. आबा व ती. मोठी आई यांस संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकीट फोडलं तर आतून हळदीचा वास आला. आमच्या क्रू-रूममध्ये ते पाकीट सगळ्यांनी हुंगलं आणि मग मला घरची आठवण येऊन उगाच रडायला आलं.

मोठ्या आईला सांगा, अंगात काही येत नाही. याला आमच्यात चेअर फ्लाइंग म्हणतात. उड्डाणाआधी आम्ही सगळे एका खोलीत साध्या खुर्च्यांवर बसतो, डोळे मिटतो आणि अख्खं उड्डाण मनात करतो. मशीन सुरू करण्यापासून ते परत येऊन बंद करण्यापर्यंत. कुणी बोलत नाही. पडदे ओढलेले असतात, पंखा फिरत असतो, आणि सगळ्यांचे हात हवेत संथ हलत असतात. मी कधीकधी एक डोळा किलकिला करून बघते. एवढी मोठी मोठी माणसं, आमचे सगळ्यात वरचे सीओ सरसुद्धा, झोपेत चालल्यासारखी वाळवंटावरून उडत असतात. मला ते फार आवडतं. त्या खुर्चीतून मी एकदा चोरून सांगलीलाही येऊन गेले आहे. संगमाच्या पाण्यावरून डावीकडे वळले, उसाच्या तुऱ्यांवरून अगदी खालून आले. तुम्ही गोठ्यात होता. वर बघितलंच नाहीत.

आता तयारीचं. आमच्याकडे भिंतीवर मोठा बोर्ड आहे. प्रत्येकाचं नाव आणि पुढे एकेक काम: दिवसा उडणं, रात्री उडणं, डोंगरात उतरणं, धुळीत उतरणं. येत असेल तर हिरवा चौकोन. पण काम येणं वेगळं आणि हात चालू असणं वेगळं. ठरलेल्या मुदतीत ते काम पुन्हा केलं नाही तर हिरव्याचा पिवळा होतो. मग इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून करून दाखवायचं. सीओ सरही लांब सुट्टीवरून आले की धाकट्या इन्स्ट्रक्टरशेजारी मुकाट्याने परीक्षा देतात. मध्येच कधीतरी वरून तपासणीची माणसं येतात, भोंगा वाजतो, आणि ते मोजतात की किती मशीन उभ्या राहिल्या आणि त्यांत बसायला किती हिरवी माणसं आहेत. माणूस नसेल तर चांगली धडधाकट मशीनसुद्धा ते धरत नाहीत.

आणि डावा हात. आबा, तुमच्यापासून काही लपत नाही बघा. त्या हाताने मशीन खाली आणायची असते. वाळूत उतरताना पंख्याच्या वाऱ्याने धूळ उठते आणि काचेबाहेरची जमीन नाहीशी होते. त्या धुळीत थांबायचं नसतं. एकतर उतरायचं, नाहीतर वर जायचं. दिवाळीनंतर एकदा मी थांबले. मला वाटत होतं मशीन स्थिर आहे, आणि ती उजवीकडे सरकत चालली होती. शेजारी जयराज होता, त्या दिवशी को-पायलट म्हणून. त्याने ओरडून मशीन ताब्यात घेतली आणि वर काढली. मागे जवान बसलेले होते. कुणाला ओरखडाही आला नाही.

नंतर मला पुन्हा तपासलं, मी व्यवस्थित उतरले, चौकोन हिरवा झाला. पण खुर्चीत डोळे मिटले की धूळ उठते आणि हात थांबतो. मशीनमध्ये त्यानंतर अजून थांबलेला नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आता तपासणी जवळ आली आहे आणि धुळीत उतरायला कॅप्टन म्हणून माझं नाव लागलं आहे. नीट पार पडलं तर पुढच्या मोहिमेवर जाणाऱ्या तुकडीची प्रमुख मीच. बोलले तर हिरवा जाईल, आमची एक क्रू कमी पडेल, आणि पोरगी घाबरली असं म्हणायला लोक टपलेलेच आहेत. काय करू, आबा?

मोठ्या आईच्या रुसव्यासकट सगळ्यांना नमस्कार. माझ्यावर रागवा, पण उत्तर लगेच लिहा.

तुमची,
संयोगिता


।। श्री ।।

हरिपूर, सांगली
२४ मार्च २०२४

चि. संयोगितास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खुर्चीतनं सांगलीला येऊन गेलीस ते वाचून मी गोठ्यातनं भायेर येऊन आभाळाकडं बगितलं. यडा म्हण मला.

पर पुढचं वाचून डोकं फिरलं. पोरी, फौजेत आपल्या तोंडानं न्हाई म्हणायचं नसतं. विचारलं तर सांगावं, न्हाई विचारलं तर हुकूम पाळावा. तुला तपासलं कुणी? त्यांनी. पास केलं कुणी? त्यांनीच. मग आपल्या हातानं हिरवं पुसणारी तू कोण लागून गेलीस? खुर्चीतलं भ्या खुर्चीत ऱ्हाऊ दे. मशीनमदी हात चालतोय न्हवं? मग झालं तर.

आन् मी हितं सोसायटीत सगळ्यांना सांगून बसलोय की आमची पोरगी तुकडीच्या पुढं जाणार. आपल्या घरातनं तीन पिढ्या फौजेत गेल्या, पर पुढारपण कुणाच्या वाट्याला आलं न्हाई. तुझा बाप असता तर त्यानंबी हेच सांगितलं असतं. गप ऱ्हा आन् उतर. तुझी मोठी आई मातूर पत्र ऐकल्यापासनं काय बोलंना झालीया. तिचं मनावर घेऊ नगंस.

आशीर्वाद पाठीशी हायतच, ते काय मागायची गरज न्हाई.

आकाराम


।। श्री ।।

तळावरून
२० एप्रिल २०२४

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

आबा, मी तुमचा हुकूम मोडला.

आमच्यात एक रीत आहे. उड्डाण झालं की सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं आणि आपापली चूक आधी आपण सांगायची. तिथे हुद्दा मोजत नाहीत. त्या दिवशी काहीच चुकलं नव्हतं. माझी पाळी आली आणि नेहमीसारखं सगळं ठीक म्हणायला तोंड उघडलं, तर भलतंच बाहेर पडलं. खुर्चीतल्या हाताचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

सीओ सर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की हे केव्हापासून. मग उठून त्यांनी स्वतःच्या हाताने माझा चौकोन पिवळा केला. म्हणाले की हा बोर्ड भिंतीला शोभा म्हणून लावलेला नाही, यावर विसंबून ते माणसं पाठवतात. जिन्यात मात्र कुणीतरी मागून पुटपुटलंच, पोरगी घाबरली.

त्याच आठवड्यात तपासणीचा भोंगा वाजला. सगळे धावले. मीसुद्धा सवयीने दोन पावलं धावले आणि मग थांबले. सकाळच्या उन्हात एकामागून एक मशीन वर गेल्या, आणि त्या गेल्यावर तळावर जी शांतता पसरली ती मी कधी अनुभवली नव्हती. आम्ही एका क्रूने कमी पडलो. सरांनी तसं स्पष्ट लिहून दिलं. तुकडीचं प्रमुखपद जयराजकडे गेलं. तो फार चांगला उडवतो, मला वाईट वाटायला नको. पण वाटलं, खूप वाटलं.

आता मला पुन्हा पहिल्यापासून शिकवत आहेत. रिकाम्या मशीनमध्ये, इन्स्ट्रक्टर शेजारी. तुम्ही बोलणार नाही हे मला माहीत आहे. तरी वाट बघते. अबोला धरलात तरी लोभ मोडू नका.

संयोगिता


।। श्री ।।

हरिपूर, सांगली
२ जून २०२४

चि. संयोगितास, रागावलेल्या नि राग उतरलेल्या आबाचा आशीर्वाद.

सव्वा महिना पत्र टाकलं न्हाई. टाकणारबी न्हवतो. आता जे झालं ते लिवतो, हसू नगंस.

मागल्या रविवारी साताऱ्याला आमच्या जुन्या तोफखानेवाल्यांचा मेळावा झाला. समद्यांनी तुझं विचारलं. आन् मी सरळ ठोकून दिलं की तपासणीत आमची संयोगिता एक नंबर आली, तुकडीच्या पुढं तीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ऐकू येत न्हाईत, पर हात दिसत हुते. माझ्या तोफेवरच्या जुन्या दोस्तानं, तात्याबानं, मिठी मारली.

परतीच्या एसटीत कराड गेलं तरी टाळ्या वाजवणारे ते हात डोळ्यांम्होरनं जाईनात. जेवण गेलं न्हाई. तुझ्या मोठ्या आईनं कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, पोरीला स्वतःबद्दल खोटं बोलवंना आन् तुम्ही तिच्याबद्दल बोलून आलासा. बायको इतकी वर्सं गप ऱ्हाती आन् एकदाच बोलती, तवा लय लागतं बग.

सकाळी पैली गाडी धरून परत सातारा गाठला. तात्याबाच्या दारात उभा ऱ्हायलो आन् हुतं तसं सांगून टाकलं. वाटलं, गडी हसंल, गावभर करंल. त्यानं मला हाताला धरून आत बसवलं. मग पेपराच्या कडेला लिवून दाखवलं. त्याचा नातू पृथ्वीराज पायदळात हाय. तुमच्यासारख्याच मशीनमदी मागं बसून जातो. मागं बसणाऱ्याला पुढचं काय दिसत न्हाई, आन् कोण त्याला विचारतबी न्हाई. तात्याबाचे डोळे भरले हुते. जेवल्याबिगर त्यानं मला सोडलं न्हाई.

मी मागं बसलेल्यांचा इचारच केला न्हवता गं. मला फकस्त पुढं बसलेली तू दिसत हुतीस. माझं चुकलं.

तात्याबानं एक विचारलंय आन् उत्तर कळवायचं मी कबूल करून आलोय. तुझ्यासारखं बाकीची पोरंबी सांगत्यात का?

मोठी आई आता माझ्याशी बोलतीया. तूबी बोल.

तुझा चुलता,
आकाराम


।। श्री ।।

तळावरून
२५ जून २०२४

ती. आबा, ती. मोठी आई, दोघांनाही शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र छातीशी धरून बसले. एसटीने पुन्हा साताऱ्याला जाणारा माझा चुलता मी इथे सगळ्यांना सांगून टाकला आहे, रागावू नका.

तात्याबांना कळवा की सगळेच सांगतात असं मी म्हणणार नाही. पण माझ्यानंतर त्याच टेबलाशी आणखी दोघांनी सांगितलं. एकाला रात्री पाण्यावरून उडताना भोवंडल्यासारखं होतं. दुसरे आमचे सीओ सर. त्यांचं काय ते मी लिहिणार नाही. त्यांनी आपलाही एक चौकोन पिवळा केला आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या इन्स्ट्रक्टरशेजारी जाऊन बसले.

गेल्या आठवड्यात माझा चौकोन पुन्हा हिरवा झाला आणि परवा दिवस मावळताना मी धुळीत उतरले. या वेळी मशीन रिकामी नव्हती, मागे जवान होते. धूळ उठली, काच तपकिरी झाली, जमीन गेली. मशीनमधला इंजिनिअर दारातून खाली बघून उंची सांगत होता. सगळं फार संथ चाललं होतं, मावळतीचा उजेड त्या धुळीत भरला होता आणि मला भीती वाटत होती. भीती गेलेली नाही, आबा. हात मात्र थांबला नाही. चाकं टेकली ते मला खालून कळलं.

धूळ बसल्यावर जवान एकेक करून उतरले. एक मात्र जागचा हलेना. इंजिनिअरने जवळ जाऊन बघितलं, तर तो गाढ झोपला होता. त्याला खांदा धरून हलवावं लागलं. डोळे चोळत त्याने विचारलं, पोचलो का.

दोघांच्या पायांवर डोकं ठेवते. इकडे सगळं ठीक आहे, आणि या खेपेला ते खरं आहे.

तुमची,
संयोगिता