फोटो खेचला

रविवार, १७ मे. झाशी. संध्याकाळ.

आज सकाळच्या बसनं एरचला जाऊन बेतवेचा फोटो खेचला. पाणी इतकं आत सरकलंय की होडी कोरड्या वाळूवर पडून होती. जगात कुठकुठल्या नद्या आटतायत ते मी रोज मोबाईलवर वाचते. त्या बघायला मी कधी जाणार? बेतवा तरी गाठली.

फोटो मुक्ताला पुण्याला पाठवला. लेकीचा लगेच फोन. "आई, काय सुंदर काढलायस!"

काढलायस! नोकरीसाठी जाऊन आठच महिने झालेत. लहानपणी माझ्या हातात कॅमेरा दिसला की मागे लागायची, "आई, माझा फोटो खेच ना!" इथं हिंदीत सगळे फोटो खींचतात, म्हणून आम्ही घरात मराठीतही खेचतो. ते चुकीचं आहे हे आम्हाला कोण सांगणार होतं?

मी विचारलं, "खेचलायस म्हणायचीस ना गं?"

"इथं मैत्रिणी हसतात, आई. म्हणतात, फोटो काय दोरीनं खेचता?"

बरोबर आहे त्यांचं. पोरीचं मराठी सुधारलं, मला बरं वाटायला हवं. मग एवढं का लागलं?

नंतर त्या होडीचा आणखी एक फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'हाही आजच काढला.' शेजारी बसून मैत्रिणींनी वाचलं तर तिला लाजायला नको.

वर पहिल्या ओळीत मात्र खेचलाच आहे. राहू दे तसाच. या घरात आता हसायला आहे कोण?