वरकसावर शेळ्यांचा संप

गणेशपुरीच्या अलीकडे, ता. भिवंडी
१४ ऑक्टोबर २००६

ती. गं. भा. बायच्या पायांशी,

धाकट्या केसरीनाथाचा डोकं टेकून नमस्कार. (डाव्या पायाशी जरा जपून टेकतो, गुडघ्याला धक्का नको.) इकडे मी खुशाल आहे, घर खुशाल आहे, तुळस खुशाल आहे, चार शेळ्यांपैकी तीन खुशाल आहेत आणि चौथीबद्दलच हे पत्र आहे. तिकडे तुझा गुडघा काय म्हणतो ते कळव. धनेशला आणि सूनबाई मनिषाला आशीर्वाद. पत्र मनिषाच तुला वाचून दाखवणार हे मला माहीत आहे, म्हणून काही गोष्टी कंसात लिहितो. मनिषा, कंसातलं मोठ्याने वाचायचं नाही. वरचा गुडघ्याचा कंस वाचला असशील तर असू दे.

तू श्रावणात ओट्यावरून घसरलीस, धनेशने तुला भिवंडीला तिसऱ्या मजल्यावर नेलं, आणि माग बंद पडून मी रिकामाच होतो म्हणून तुझ्या शेळ्या सांभाळायला इकडे आलो. म्हणजे बघ, एकतीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर म्हणून काढलेला माणूस बहिणीच्या सासरी शेळ्या राखतोय, आणि सगळा जन्म वरकसावर, घरामागच्या या गवताच्या चढावर, काढलेली बाई माझ्या भिवंडीत गॅलरीतून टेम्पो मोजतेय. गावाने मला पहिल्याच दिवशी मामा करून टाकलं. पोरांनी म्हणावं ते ठीक, पण बाजूच्या शेतातले दाजीसुद्धा मामा म्हणतात, ज्यांचं वय सत्तर आणि मिशी त्याहून जुनी. धनेश मला जाताना म्हणाला होता, "मामा, दिवाळीपर्यंत सांभाळा, मग गिऱ्हाईक बघून देऊन टाका, आई आता इकडेच राहील." पोरगा वाईट नाही. तू पडलीस तेव्हा तो मानकोलीच्या गोडाऊनमध्ये ड्युटीवर होता आणि घरी तू एकटी होतीस, हे त्याच्या मनातून जात नाही. मी हो म्हणालो. दिवाळी आता आठवड्यावर आली आहे.

गणपती झाल्यावर गणेशपुरीला एका संस्थेने शेळीपालनाचं तीन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. दुपारचं जेवण होतं म्हणून गेलो (तूच म्हणतेस ना, मला भाताचा वास आला की पाय आपोआप वळतात). तिथे मृणाली मॅडम म्हणून एक मुलगी होती, वय असेल पंचवीस, पण शेळीच्या तोंडात हात घालून दात मोजते. तिने सांगितलं की शेळी दिवसभर वाटेल तिथे चरली की जमिनीचं वाटोळं होतं. तेव्हा माळाचे तुकडे करायचे, एका तुकड्यात तीन दिवस चारायचं आणि पुढे सरकायचं. मागच्या गवताला तेहतीस दिवस विश्रांती. लेंड्या-मूत तिथेच पडतं, खुरांनी माती हलते, मुळं खोल जातात, पावसाचं पाणी मुरतं आणि दोन-तीन वर्षांत उघडा खडकाळ चढसुद्धा अंग धरतो. बाकीचे लोक वहीत उतरवून घेत होते, मला मात्र लगेच समजलं, कारण ही तर शिफ्ट झाली. बारा तुकडे म्हणजे बारा खाती, शेळ्या म्हणजे कामगार, आणि त्यांच्यावर देखरेख करणारा जॉबर मी. घरी येऊन मी कॅलेंडरवर पाळ्या लावल्या आणि इतक्या वर्षांनी मला पहिल्यांदा रात्री नीट झोप लागली.

पहिली चूक माझीच. तुकड्यांना कुंपण हवं म्हणून मी भिवंडीला जाऊन ओळखीच्या कारखान्यातून ताण्याच्या सुताचा वाया गेलेला माल पोतंभर आणला आणि चार दिवस बसून त्याचे दोर वळले. पांढरेशुभ्र दोर, माळावर ताणले तेव्हा लग्नाचा मांडव घातल्यासारखं दिसलं. आता ताण्याच्या सुताला सायझिंग करतात, म्हणजे माग चालताना ते तुटू नये म्हणून त्याला खळ पाजतात, आणि खळ म्हणजे शेवटी पेजच, हे मी एकतीस वर्षं जाणतो. शेळ्यांना ते एका मिनिटात कळलं. सकाळी कुंपण घातलं, दुपारी त्यांनी कुंपण खाल्लं, आणि तोंडाला चव आली म्हणून वर दाजींचा कापायला आलेला भात खाल्ला. दाजी काठी घेऊन आले. मी हात जोडून उभा राहिलो आणि त्यांच्या भातकापणीला आठ दिवस येईन असं कबूल केलं. (मनिषा, हे कंसात असायला हवं होतं, पण आता लिहून गेलो.)

पाड्यावरचा नवशा आणि त्याची बायको सखी, जी रोज तुझ्याबरोबर गुरं चारायची, दोघं बांधावर बसून हे सगळं बघत होते. नवशा म्हणाला, "मामा, बायनी कवा कुंपन घातलाच न्हाय." मग मीही कुंपण सोडलं आणि नुसतं हाकून तुकडे बदलायचं ठरवलं. तीन तुकडे कसेबसे झाले. चौथ्याची पाळी संपली आणि संप झाला. ती मोठी काळी शेळी, जिच्यामागे बाकीच्या तिघी चालतात, ती चौथ्याच्या कडेला बसली ती बसलीच. संध्याकाळी आपण होऊन घरी येते, सकाळी थेट चौथ्यात जाऊन बसते. मी तिला लक्ष्मी म्हणायचो. "लक्ष्मीबाई, चला" म्हणून झालं, "चलो भाई, शिफ्ट खतम" म्हणून झालं, गूळ दाखवून झाला, मागून ढकलून झालं. मी कारखान्यात तीन संप पाहिले आहेत, पण त्यात निदान मागणी काय आहे ते फाटकावर लिहिलेलं असायचं.

सातव्या दिवशी सखी हसत हसत म्हणाली, "मामा, ती लक्ष्मी कवा झाली? तिचा नाव केशा हाय." मी म्हटलं, मादीला केशा कोण नाव ठेवतं? तर म्हणाली, "बायनी ठेवलाय. हट्टी हाय, खायाला पुढं न् चालायला मागं, म्हनून." आणि तिने तुझ्यासारखा आवाज काढून वरकसावर हाक दिली, "मेल्या केशा, उठतोस का पाय मोडलं तुझं?" बाय, तुला सांगतो, शेळीने मान वळवली आणि मीही वळवली. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा आणि तू तेरा वर्षांची. मला कमरेवर घेऊन तू बापाच्या शेळ्या राखायचीस आणि शेळ्यांना एक शिवी दिलीस की मला दोन. ही हाक मी पंचावन्न वर्षांनी ऐकली आणि दाजींच्या बांधावर बसून रडलो. (मनिषा, हे वाचलंस तरी चालेल. माझी काही इज्जत उरलेली नाही.) केशा चार पावलं चाललीसुद्धा, पण सखीला मध्येच हसू फुटलं आणि माल नकली आहे हे केशाच्या ध्यानात आलं. ती पुन्हा बसली.

मागच्या सोमवारी मी तुला फोन केला होता तो आठवतो ना? सांगायची ती गोष्ट अशी की तो फोन मी एकट्याने केला नव्हता. केशा चालत नाही म्हणून तिला खांद्यावर घालून मी रस्त्यावरच्या वाण्याच्या दुकानापर्यंत नेली, तिथे तो रुपया टाकायचा लाल डबा आहे. वाटेत वज्रेश्वरीची एस.टी. थांबली आणि कंडक्टरने विचारलं, "मामा, दोघांना कुठं सोडू?" माझा बेत असा होता की तू नेहमीसारखी मला शिव्या घालशील, मी फोन केशाच्या कानाला लावीन आणि संप मिटेल. म्हणून मी मुद्दाम तुला दोराची आणि दाजींच्या भाताची सगळी हकीकत सांगितली. इतक्या मूर्खपणावर तू मला उभं जाळायला हवं होतंस. तू काय म्हणालीस? तू म्हणालीस, "असू दे रे बाबा. दमला असशील. धनेश म्हणतो तसं विकून टाक त्यांना." एकही शिवी नाही. आवाज असा की दवाखान्यात बसल्यासारखा. मी फोन माझ्या आणि केशाच्या कानाच्या मध्ये धरला होता. तिने हुंगला, वाट पाहिली आणि तोंड फिरवलं. तिला तुझी ओळख पटली नाही, बाय, आणि मलाही पटली नाही. मी घाबरलो. येताना तिला खांद्यावर घेतलं तेव्हा ती जाताना होती त्याहून जड लागली.

(मनिषा, तुझी चिठ्ठी दूधवाल्या बाबूने पोचवली. आई जेवतात, औषध घेतात, पण दिवसभर खिडकीशी बसून असतात, मिठाचा डबा चुकीच्या जागी ठेवला तरी काही बोलत नाहीत, असं तू लिहिलंस. सासू ओरडत नाही म्हणून काळजी करणारी सून मी पहिल्यांदा पाहिली. तुझे उपकार आहेत.)

आता एक आनंदाची बातमी. परवा मृणाली मॅडम वरकस बघायला आल्या. पहिल्या तुकड्यात गवत गुडघ्याएवढं आलंय, आणि चौथा, जिथे संप चालू आहे, तो माझ्या टाळूसारखा झालाय. त्यांना फार आनंद झाला, म्हणाल्या, इतका स्पष्ट फरक आम्हालाही कुठे दाखवता येत नाही. (केशाने धरणं धरलंय हे मी सांगितलं नाही, प्रयोग आहे म्हणालो.) त्यांनी विचारलं, जुनी माणसं परत त्याच जागी कधी जायची? मी वही काढणार तेवढ्यात सखी म्हणाली, "लेंडीचा पायाखाली पीठ झाला का मंग बाय परत त्या जागी जाय. त्याच्या आदी न्हाय." मग तिने पहिल्या तुकड्यात जाऊन अनवाणी टाच दाबली. पीठ. शेळ्या तिथून हलवल्याला एकतीस दिवस झाले होते. शिबिराची वही तेहतीस म्हणते. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, या बाय कुठे भेटतील? मला तिसरा मजला सांगवेना. म्हटलं, जरा बाहेरगावी गेली आहे, येईल.

बाकी सगळं ठीक. दाजींचा नमस्कार. गूळ संपला. औषध वेळेवर घे.

तुझा धाकटा,
केसरीनाथ

ता. क. पाकिटात एक कॅसेट घातली आहे. तिच्यावर पूर्वी भजनं होती, पण वरच्या दोन भोकांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येते, तशी लावली आहे. देवाची माफी मागितली. शेजाऱ्यांकडून टेप आणून मनिषा दोन बटणं एकदम दाबेल, आणि मग तू केशाला, बाकीच्या तिघींना आणि जमल्यास मला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत जे काही बोलायचीस ते सगळं बोल. पत्र लिहिण्याचं खरं कारण एवढंच आहे. दोन्ही बाजू मिळून तासभर मावतं, तेवढं तुला सकाळच्या चहाआधी लागायचं.

ता. क. २. गिऱ्हाईक येऊन गेलं. दोन आली. एकाला सांगितलं की काळी रात्री खोकते. खोकलो मीच, गोठ्याच्या मागून. दुसरा म्हणाला, शेळ्या तजेलदार आहेत, लगेच नेतो. त्याला सांगितलं, मालकीण घरी नाही. ते तरी खोटं नव्हतं. धनेशला हे तूच सांग, मला भाच्याची भीती वाटते.

ता. क. ३. (मनिषा, हे मात्र मोठ्याने वाच, धनेश घरी असताना.) डॉक्टरांनी आईला रोज सपाट जागेवर चालायला सांगितलंय असं तुझ्या चिठ्ठीत आहे. तिसऱ्या मजल्यावर सपाट जागा म्हणजे मोरीपासून गॅलरीपर्यंत. इथे मी ओट्याच्या निसरड्या पायरीवर खरबरीत दगड बसवलाय. मागच्या दारापासून जांभळीपर्यंतची वाट खणून सारखी केली, साठ पावलं आहेत, दोन्हीकडे धरायला बांबू. रात्री सखी घरात झोपायला येईल आणि मी ओट्यावर आहेच. एकटी राहायची नाही. आणि वरकसाचे बारा तुकडे मी नव्याने पाडलेत, भाकरी मोडतात तसे, सगळ्यांचं टोक जांभळीशी. सखीला जांभळीखाली उभी करून ओरडायला लावलं आणि आवाज पोचला तिथेच प्रत्येक तुकड्याची हद्द घातली. त्याच्यापुढे एक पाऊलही नाही. म्हणजे बायने चढायचं नाही, उतरायचं नाही. कारखान्यातली माझी लोखंडी खुर्ची तिथे ठेवली आहे. तिच्यावर बसून नुसतं तोंड चालवायचं आहे.

ता. क. ४. केशाने चौथा तुकडा सोडला. संप मिटला म्हणून मी धावत गेलो, तर आता त्या खुर्चीपाशी जाऊन बसली आहे आणि सकाळपासून रस्त्याकडे तोंड करून आहे. मी शेजारी बसूनच हे लिहितोय. मागणी काय ते आता मला कळलं. ती माझ्या हातात नाही.

ता. क. ५. कॅसेट भरून झाली की बाबूच्या हाती देऊ नकोस, तो तिच्यावर गाणी भरतो. टपालात टाकू नकोस, मोडते. नाही भरलीस तरी चालेल. पण परत द्यायला तू स्वतः ये, दिवाळीच्या आत, आणि इतके दिवस का लावलेस म्हणून मी काही बोललो तर मला तिथेच, सगळ्यांसमोर, मेल्या केशा म्हण.