उद्या समोर तोच संघ

अण्णा, ज्या कमिट्यांना तुम्ही आयुष्यभर शिव्या घातल्यात, त्यातल्याच एकीवर मी आता बसते. आपल्याच कॉलेजची क्रीडा समिती. संस्कृतच्या बाईंना फुटबॉलमधलं काय कळतं, असं विचारायची कुणाची हिंमत होत नाही, कारण जिमखान्यात जुने कोच म्हणून तुमचा फोटो अजून टांगलेला आहे. बरोबर ट्यूबलाइटखाली. त्यामुळे कपाळ कायम चकाकतं, आणि तुमचं कपाळ मुळात काही लहान नव्हतं. आमच्यापुढे प्रश्न एवढाच होता, की मुलींच्या संघाच्या कोचला पुढे ठेवायचं की नाही. कोच म्हणजे तुमच्याच संघातला तो बेळगावचा फॉरवर्ड. निकालांचा फळा पाहिला तर गडी अजिंक्य. पण जिंकला कुणाशी? दोस्तीखात्यात जमवलेल्या सामन्यांत, जिथे समोरच्या कॉलेजला अकरा मुली उभ्या करतानाही नाकीनऊ येतात. मी म्हणाले, हे विजय बाजूला ठेवा, आपल्याहून तगड्या संघापुढे त्याचं काय होतं तेवढंच बघा. निकष म्हणजे मुळात सोनाराचा काळा दगड, हेही ऐकवलं. खोड जात नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रिन्सिपॉल त्यांच्या कानडी होकारात म्हणाले, "सरी, मॅडम, मग उपांत्य सामन्यावरच ठरवून टाकू." तो सामना उद्या आहे. समोर के. आर. पुरमचा तोच संघ, फक्त आता मुलींचा, ज्याच्यापुढे तुम्ही हरलात आणि घरी बसलात.

खरं तर हा नियम मी तुमच्यासाठीच मांडला होता. मी शाळेत असताना आपण एकदा धो धो गोल करून जिंकलो आणि मी टाळ्या पिटत घरी आले, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातच अडवलंत. "लाज नाही वाटत? त्या पोरांच्या पायात धड बूट नव्हते." मग ओट्यावर कॉफीचे लोटे मांडून तुम्ही मला दाखवू लागलात, की खरा संघ आपली फळी कुठून फोडतो. आई म्हणाली, "तुमचा गोलकीपर मला द्या आधी, डिकॉक्शन गाळायचंय." तुम्ही नेहमी तगडेच प्रतिस्पर्धी शोधायचात आणि एखाद्या गोलने हरायचात. कमिटीने नुसते पराभव मोजले. तुमच्यानंतर आलेल्याने दुबळे संघ गाठले आणि हार गळ्यात घालून घेतले. तेव्हापासून हा काळा दगड मी जपून ठेवला होता म्हणा ना.

पण त्या शेवटच्या सामन्याचं एक मी विसरले होते. बरोबरी चाललेली आहे, आणि तुम्ही याच बेळगावच्या पोराला बाहेर बोलावता. तो जरासा लंगडतोय, एवढंच. प्रेक्षक तुमचा उद्धार करताहेत, तो पाण्याची बाटली आपटतोय, आणि शेवटी आपण हरतो. परतताना बसमध्ये मी तोंड फिरवून बसले होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "त्याला अजून खूप वर्षं जिने चढायचेत."

आज तो जिने दोन-दोन पायऱ्या एकदम चढतो. तसाच दुपारी स्टाफरूममध्ये आला. आमची कॅप्टन माझ्या वर्गात आहे. संस्कृतला मार्क चांगले पडतात म्हणून घेतलंय, विभक्तीशी तिचं वैर आहे, पण बिचारी हजर असते. गेला आठवडाभर ती कडेच्या बाकावर पाय लांब सोडून बसते आणि तास संपला की सगळ्या गेल्यावर उठते. भिंतीला धरून. मी त्याला विचारलं, तिच्या गुडघ्याचं काय?

"सूज हाय स्वल्प. इंजेक्शन देऊन मैदानात उतरवतो की, अक्का."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर काय, ते विश्रांतीच सांगणार. त्यांची नोकरी कुठं चाललीय?" तो हसला, मग हसणं आवरलं. "नियम तुमचाच न्हवं? तिला बसवलं तर आम्ही हरतो. हरलो तर मी घरी. अण्णांनी मला बसवलं नसतं तर त्या दिवशी आपण जिंकलो असतो, हे आजही सांगतो."

"म्हणून आज त्या पायांनी जिना चढून आलात."

त्याला ते ऐकूच आलं नाही. दारात थांबून त्याने हळूच विचारलं, "मग बसवू काय तिला? तुम्ही सांगा, बसवतो. मग कमिटीला तुम्हीच समजवा." मी वह्यांकडे बघत म्हणाले, "कोच तुम्ही आहात."

अण्णा, तगड्या संघापुढचा निकाल सगळं सांगतो, फक्त बाकावर कुणाला का बसवलं ते सांगत नाही. आणि सोनार दगडावर सोनं घासतो तेव्हा थोडं सोनं दगडालाच लागून राहतं. हे मी कमिटीत बोलले नाही. सुचलंच नाही.

आता खिडकीतून मैदान दिसतंय. तो बघत असला की ती सरळ धावते. त्याने पाठ फिरवली की थांबते, दोन्ही हातांनी गुडघा धरते, आणि तो वळायच्या आत पुन्हा सुटते. मघाशी तिने वर पाहिलं आणि हात हलवला. मीही हलवला. प्रिन्सिपॉल अजून केबिनमध्ये आहेत, दिवा दिसतोय. जिना उतरून जायचं आणि नियम मागे घेते म्हणायचं, इतकंच काम आहे. हा पत्राचा कागद मात्र या खणातच राहील, तुमच्या जुन्या शिट्टीशेजारी. तुम्हाला पोचणार असता तरी पाठवला नसता. कारण अर्धा तास झाला मी उठलेले नाही, आणि त्याचं कारण तुम्ही लगेच ओळखाल. के. आर. पुरमला हरलेलं मला एकदा बघायचंय.