दिवाणखान्यातलं हिरवं झाड

सांगली,
ता. १४ ऑक्टोबर १९७८

श्री. लालासाहेब यांस,
अंजनाचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. उत्तराला चार दिवस लागले, कारण दोनदा लिहून फाडलं. सोबत आपट्याचं पान आहे. आपला मोतीबिंदू वाढल्याचं वाचलं. आता पुढ्यातल्या वस्तूचा रंग तेवढा कळतो, आणि पत्रं सूनबाई विजयमालाताई वाचून दाखवतात, असं आपण लिहिलंय. म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढते आहे.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मी इथं मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. आमच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. आईला अजून वाटतं, मी तिथं दिवसभर वाचतच बसते.

बाबांच्या जागी झाडं बघणाऱ्या जोतिबाकाकांचे हात आता थरथरतात, तेव्हा थंडीच्या तोंडावर जुनिपरच्या तिन्ही बोन्सायचं काय करायचं, असं आपण विचारलंय. बाबा त्यांना धुपाची झाडं म्हणायचे. पलटणीतून सुटून आपल्या साताऱ्याच्या बंगल्यावर माळीकामाला आले, तेव्हा हिमालयातल्या चक्रात्याच्या छावणीहून ट्रंकेत घालून आणलेली ही झाडं वीतभरही नव्हती.

पाणी आता रोज घालू नये. बोट पेरभर मातीत खुपसावं, कोरडं लागलं तरच घालावं. फांद्यांना वळण देणारी तार साली­त रुतली असेल तर उलगडू नये, तुकडे करून काढावी. शेंडे कात्रीनं कापू नयेत, टोकं तांबडी पडतात. चिमटीनं खुडावेत, तेही मोजके. फांदी पार उघडी केली तर पुन्हा फुटत नाही. हा वड नव्हे. खत दिवाळीपर्यंत, पुढं बंद. कुंडी दर आठवड्याला थोडी फिरवावी.

आणि एक. मोठं झाड पाहुण्यांना दिसावं म्हणून गणपतीपासून दिवाणखान्यात ठेवलंय म्हणता. ते बाहेर काढावं. या झाडाला छप्पर सोसत नाही. बाबा अशी गोष्ट एकदाच सांगायचे. मीही एकदाच लिहिते.

डिसेंबरात पुण्याच्या प्रदर्शनाला ते न्यायचं आहे हे कळलं. काही राहिलं असेल तर विचारावं. जे विचाराल त्याचं खरं उत्तर देईन.

आपली,
अंजना (नाथाजी माळ्याची)


सांगली,
ता. २० नोव्हेंबर १९७८

श्री. लालासाहेब यांस,
सा. न. वि. वि.

आपलं कार्ड पोचलं. मोठं झाड हिरवंगार आहे, आणि "पंचवीस वर्षं झाडं बघतोय, कुठं ठेवायची ते तू शिकवू नको" हेही वाचलं. बरं.

गच्चीवरची दोन्ही लहान झाडं यवतेश्वराच्या डोंगरावरून येणाऱ्या गारठ्यानं तांबूस पडली, मेलीच म्हणायची, चारचौघांत बरं दिसत नाही, फेकून देऊ का, असं आपण विचारता. झाडं आपल्या ताब्यात आहेत. मी ती पाहिलेली नाहीत, तर मेली की जगली हे इथं बसून कसं सांगू? फेकायचीच असतील तर मी येऊन घेऊन जाईन. मुळं उथळ कुंडीत कशी पसरतात ते वर्गात मुलींना दाखवता येईल.

मात्र तसं कार्डावर लिहून, खाली सही करून पाठवावं. मला असल्या बाबतीत कागद लागतो. सवय म्हणा.

आपली,
अंजना


सांगली,
ता. १७ जानेवारी १९७९

लालासाहेब,

आधी दोन ओळी विजयमालाताईंसाठी. ताई, हे पत्र नेहमीसारखं मोठ्यानं वाचा. एकही शब्द गाळू नका. जड जाईल, तरी गाळू नका.

तुमचं कार्ड मिळालं होतं. "दोन्ही मेलेली झाडे घेऊन जाणे. आमचा त्यांवर काही हक्क नाही." खाली तुमची वाकडी झालेली सही. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी साताऱ्याला आले. जोतिबाकाकांनी दोन्ही कुंड्या मागच्या दारी पोत्यात घालून ठेवल्या होत्या.

"आंजे," ते म्हणाले, "ही मेल्याली न्हाईत गं. थंडीनं निस्ता रंग घेतलाय. नाथाभाऊ सांगायचा न्हवं का?"

"ठाऊक आहे, काका."

"मग मालकास्नी सांगू का?"

"त्यांनी तुम्हाला विचारलंय का?"

म्हाताऱ्यानं पोत्याचं तोंड आवळलं. "न्हाई," म्हणाला. "कवा काय इचारलंय आमास्नी?" आणि हसत हसत पोत्याला सुतळी बांधू लागला.

मग तुम्ही मला दिवाणखान्यात बोलावलंत. ताईंनी चहा दिला. तुम्ही म्हणालात, "बापानं एक नेलं, लेकीनं दोन नेली! चालायचंच, रक्तच ते." ताई खाली बघत होत्या. मी अर्धा कप तसाच बशीत ठेवला.

तुम्ही फोन घ्यायला आत गेलात. तेवढ्यात मी मोठ्या झाडाच्या बुंध्याला नखानं ओरखडा काढला. जिवंत झाड सालीखाली ओलं आणि हिरवं असतं. हे कोरडं खडखडीत होतं, जुन्या काथ्यासारखं. घरात कोंडलं, त्यावर रोज पाणी. मुळं केव्हाच कुजली होती. पण हे झाड मेल्यावरही महिना-दोन महिने हिरवं राहतं, लालासाहेब. तुम्ही जिवंत झाडं फेकलीत आणि मेलेलं पुण्याला नेलंत. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात फोटोखाली छापलं होतं, "पंचवीस वर्षे स्वतःच्या हातांनी वाढवलेले." आता संक्रांत झाली. ताई, हात लावून बघा, पानं हातात येतील.

हे मी त्याच दिवशी सांगू शकले असते. लहान झाडं मेली नाहीत हे तर नोव्हेंबरातच लिहायला हवं होतं. खरं उत्तर देईन असं मी लिहून दिलं होतं, आणि तुम्ही विचारल्यावर बगल दिली. तो दोष माझा. त्यापायी कितीदा पोस्टकार्ड काढून बसले. पण प्रत्येक वेळी मला तुमचा व्हरांडा आठवला आणि कार्ड कोरंच राहिलं.

१९६८ चा मे महिना. तुम्ही सगळे काश्मीरला गेला होता. बंगल्याची विहीर आटली, म्हणून बाबांनी सगळ्यात नाजूक धाकटं झाड शेजारच्या करंजे गावात आमच्या खोलीवर आणलं. आईनं पिण्यातलं पाणी त्याला घातलं. तुम्ही परत यायच्या आत बाबांना ते जागेवर ठेवता आलं नाही, एवढीच त्यांची चूक. झाड त्यांचंच होतं. तिन्ही त्यांचीच होती.

तुम्ही व्हरांड्यात कागद तयार ठेवला होता. बाबांना वाचता येत नव्हतं. मी सातवीत होते, त्यांचा डबा घेऊन आले होते. तुम्ही कागद माझ्या हातात दिलात. "शाळेत जातीस ना? वाच. बापाला कळू दे."

मी वाचलं. "मी नाथाजी खबाले, मालकांचे झाड चोरून नेले. बंगल्यावरील तिन्ही झाडे मालकांची आहेत. माफी असावी." खणखणीत वाचलं, कुठं अडखळले नाही. शाळेत मला वाचनासाठी शाबासकी मिळायची. काय वाचलं ते मला वाचून झाल्यावर कळलं.

तुम्ही बाबांना विचारलंत, "कळलं का?"

बाबांनी तुमच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "व्हय जी," म्हणाले आणि अंगठा लावला. घरी येताना वाटेत एवढंच बोलले, "लय ब्येस वाचलंस गं."

नंतर आठ वर्षं ते तुमच्याकडेच राबले. लोक म्हणाले, नाथाजीला लाज नाही. त्यांना झाडं टाकून यायचं नव्हतं.

ती दोन झाडं आता माझ्या गच्चीवर आहेत. इथं गारठा कमी, शेंड्यांवर हिरवं धरू लागलंय. मी ती चोरलेली नाहीत. तुमच्या सहीचं कार्ड आईच्या पेटीत आहे. तिला वाचता येत नाही, तरी ती ते मधूनमधून काढून बघते. फेब्रुवारीत पुण्याची मंडळी तुमचं झाड बघायला बंगल्यावर येणार असं पेपरात होतं. ही दोन मागायला माझ्याकडे माणूस पाठवू नका. त्यांना जे आहे ते दाखवा.

ताई, तुम्ही एकही शब्द गाळला नसेल अशी माझी खात्री आहे. मीही गाळला नव्हता.

आता शेवटचं. कागद खाली ठेवा आणि त्यांना विचारा, "कळलं का?"

ते काय म्हणतात ते मला कळवायची गरज नाही.

अंजना नाथाजी खबाले