चार बोटं कपाळ

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. रविवारी मला बघायला पाहुणे येणार, म्हणून काल काकूने माझ्या कपाळावर आडवी बोटं ठेवून मोजलं. "चांगलं चार बोटं हाय. पुढून केस काप, झाकून जाईल." आणि मी शहाणी, आज शिफ्ट सुटल्यावर तशीच पार्लरमध्ये गेले!

पार्लरवालीला दोनदा सांगितलं, केस कुरळे आहेत, वाळल्यावर वर चढतात, जरा लांब ठेवा. "चेहऱ्याला शोभेल तेच करते गं," म्हणाली आणि ओले केस ताणून भुवयांच्या रेषेत सरळ कात्री चालवली. घरी येईपर्यंत ते वाळून अर्ध्या कपाळावर जाऊन बसले. आता चारातली दोन बोटं झाकलेली, दोन उघडी!

मुळात गेलेच कशाला? कंपनीत रोज सगळे केस टोपीत कोंबून आठ तास लाईनवर उभी असते. हेच कपाळ उघडं असतं. कुणाचं काय अडलं?

मोबाईलवरचा मुलाचा फोटो काकूपुढे धरला. "ह्याचं मोज." त्याचं तर पार टाळूपर्यंत पोचलंय. काकू म्हणते, "पुरुषाला चालतंय."

चालतंय ना? मग रविवारी मीही सगळे केस मागे ओढून, पिना लावूनच बसणार. मोजू देत.