चौथा साचा

प्रिय पप्पा,

पट्टी चौथ्या साच्यावर टेकते आणि त्याच्या पुढच्या-मागच्या साच्यांवरून उचलली जाते. क्लॅम्पने दाबून पाहिली, तर होडीचा आकार तिथे फुगतो. क्लॅम्प काढला, पुन्हा लावला. शेवटी पार्किंगमध्येच स्टुलावर बसून हे लिहायला घेतलं. दुसऱ्या कुणाला विचारू?

सगळे साचे कापून, तुळईवर ओळीत उभे करून तुम्ही गेलात. त्यांच्यावरून लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवत न्यायच्या, एवढंच माझ्यासाठी ठेवलंत, असं मला वाटलं होतं!

कारण सापडलं. साच्यामागे तुमचा फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमधला जुना स्केल टेकवलेला होता. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून त्याच्यावरचे इंच मुळातच जरा मोठे. बाकीचे साचे तुम्ही साध्या टेपने मोजलेत. हा एकच, सगळ्यांत शेवटी कापलेला, त्या स्केलने. पप्पा, ही होडी कुठे ओतायची होती?

हा साचा कापलात त्याच आठवड्यात तुम्ही सकाळी कंपनीचा शर्ट घालून काळेवाडी फाट्यावर बसची वाट बघत उभे होतात. निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती! मी तुम्हाला घरी आणलं. आई म्हणाली, "झोप होत नाही त्यांची. बाकी काही नाही." अजूनही ती तेच म्हणते. तुम्हाला कळत होतं का? मग तिला तरी सांगायचं होतं.

पहिले साचे कापत होतात तेव्हा वरच्या मजल्यावरचे काका थांबून चिडवायचे, "काय राव, पवनेला पूर आला की आधी आम्हाला घ्या हं!"

"तुमचं वजन बघून सांगतो." किती पटकन बोलायचात तेव्हा!

दुपारी मी आईला म्हटलं, "चौथ्यावर रंधा मारावा लागेल."

"त्यांच्या हातचा आहे तो. बाकीचे वाढव. हा कमी करू नकोस."

"आई, होडी झाली की साचे काढूनच टाकतात."

"मग त्यांचं राहणार काय?"

साचा मोठा का झाला, ते मी तिला सांगितलं नाही. ते सांगायचं म्हणजे तुम्ही जाण्याआधीच थोडे थोडे जात होतात, हे सांगायचं.

आज जेवताना सांगेन. रंधाही मारीन, पण पट्टी सगळीकडे टेकेल इतकाच. केसभरही जास्त नाही.

तुमची,
मनीषा

ता. क. आईला सांगितलं. ती ताट उचलून आत गेली. सकाळी माझ्याआधी खाली आली. मी रंधा मारत होते तोवर तिने साचा दोन्ही हातांनी धरून ठेवला. पट्टी बसली.