दादाच्या नावाचं प्रमाणपत्र

४ मार्च
आज सामान घेऊन वहिनीकडे राहायला आलो. दादा गेल्यापासून ती एकटीच. मला पुढची, उन्हाची खोली दिली. चहात साखर किती, हेही तिच्या लक्षात होतं. दार, दिवे, कॅमेरे, फोटो, सगळं दादाने जिन्याखालच्या एका छोट्या कॉम्प्युटरवर चालवलं होतं. घराला ओळख पटावी म्हणून त्याने स्वतःच्या आणि वहिनीच्या फोनला दिलेल्या डिजिटल प्रमाणपत्रांची मुदत संपली, तेव्हापासून दार ऐकेना. वहिनी म्हणाली, भाऊजी, तेवढं बघा, कुलूप-किल्लीला कंटाळले मी. हे काम माझ्या हातचा मळ.

६ मार्च
झालं. जुनं सगळं रद्द केलं. प्रमाणपत्रावर सही करणारी नवी गुप्त किल्ली बनवली, तिचा पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात. प्रमाणपत्रं दोनच: वहिनीच्या फोनला आणि माझ्या. बाकी कुणाला घर ओळखणार नाही. फोन जवळ नेताच दार उघडलं. वहिनी उगाच आत-बाहेर करत राहिली. बऱ्याच दिवसांनी हसलो आम्ही.

९ मार्च
दुपारी भाजी निवडत होतो, तर दार आपोआप उघडलं. कॉम्प्युटरवर पाहिलं. तिसरा फोन. प्रमाणपत्र वैध. नाव दादाचं. तो फोन गाडीत त्याच्याबरोबरच जळाला, त्याचा वितळलेला गोळा मीच ताब्यात घेतला होता. माझंच काही चुकलं असेल. रद्द केलं.

१० मार्च
पुन्हा तेच. सहीची गुप्त किल्ली बदलली, इंटरनेटची वायर काढली. तरी उघडलं. पायपुसण्यावर काजळी. वहिनीने ते झटकून उन्हात टाकलं. म्हणाली, दमून आलेल्या माणसाला किती वेळा बाहेर उभं करायचं? भीती वाटायला हवी होती. मी जेवलो.

१२ मार्च
आज माझं प्रमाणपत्र रद्द. मी केलेलं नाही. खोलीतला दिवा लागत नाही. वहिनीच्या फोनवर जुने फोटो पाहिले. लहानपणच्या फोटोंत दादा एकटाच — शेजारी मी होतो तिथे भिंत. तिला दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे — मी दिसलोच नाही बहुतेक.

१३ मार्च
दूध घेऊन आलो. दार उघडेना. बेल वाजवली. आतून वहिनीने विचारलं, कोण हवंय. म्हटलं, मी, दादाचा धाकटा भाऊ. ती अगदी नीट, न रागावता म्हणाली — ह्यांना भाऊ नाही.

पायरीवर बसून लिहितोय. काही वाटत नाही. बोटंसुद्धा जाणवत नाहीत — आत पावलं वाजताहेत. टाच घासत, दादा चालायचा तशी. दाराशी थांबली. कॅमेरा माझ्याकडे वळला. दादाचा आवाज वहिनीला सांगतोय, बाहेर तर कुणीच —